दवण्याची मूठ

मूठ रिकामी होती. झालं होतं ते एवढंच, आणि एवढ्याशा गोष्टीनं माणसाचे दिवसच्या दिवस नासतात हे नलूला त्या गुरुवारपर्यंत ठाऊक नव्हतं. खेळ जुनाच. बाबांनी पायरीवर बसून डोळे मिटायचे, तिनं मुठीत काहीतरी धरून त्यांच्या नाकाशी न्यायचं आणि बाबांनी वासावरून ओळखायचं. ती जेमतेम चालायला लागली तेव्हापासून हे चालत आलेलं. लिंबाचं पान, कोलंबीचं टरफल, खोडरबर, गंजका खिळा, शेजारच्या शेळीची लेंडी. बाबा एकदासुद्धा चुकले नव्हते. लेंडीला तर त्यांनी शेळी पांढरी की काळी तेही सांगितलं होतं आणि आईनं दोघांनाही हात धुवायला पिटाळलं होतं. आता नलू नववीत होती. त्या दिवशी शाळेच्या स्नेहसंमेलनात तीनशे पोरांसमोर सात मिनिटं भाषण ठोकून, एकदाही न अडखळता पहिला नंबर घेऊन ती बोईसरहून पामला घरी आली होती, अंगात असं वारं भरलेलं की पाय जमिनीला टेकतायत की नाही याचा पत्ता नाही. अशा वेळी माणसाला चेष्टा सुचते. तिनं साबणानं हात धुतले, मुठीत काहीच घेतलं नाही आणि ती बंद मूठ बाबांच्या नाकाखाली धरून म्हणाली, "वळखा बघू." पहिल्या पाळीवरून आलेल्या बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटले, छाती फुगेपर्यंत श्वास ओढला, थोडा वेळ आत धरला आणि म्हणाले, "दवणा. आपल्या परसातला."

ती हसायला लागली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. कारण बाबांनी डोळे उघडले ते मुठीकडे नव्हे, तिच्या तोंडाकडे बघत. फळ्यावर गणित सोडवून झालेली पोर आकड्यांकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघते ना, अगदी तसे. "बरोबर," नलू म्हणाली, आणि मूठ तशीच मिटून परसात निघून गेली. का म्हणाली बरोबर? तिला स्वतःलाही कळलं नाही. सात मिनिटांच्या भाषणात शंभरेक वाक्यं बोलली असेल, त्यातलं एकही असं आपोआप तोंडातून निसटलं नव्हतं. परसात जाऊन तिनं आपला तळवा हुंगला. लाल साबणाचा दवाखान्यासारखा वास. नखं हुंगली. नखांतही साबणच. मग तिला आठवलं की सकाळी शाळेत जाण्याआधी तिनं दवण्याचे शेंडे खुडले होते, आणि तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे साबणाखाली दडलेला सकाळचा वाससुद्धा बाबांना आला. केवढं नाक हे. तासभर तिनं स्वतःला असं छान पटवून ठेवलं, भाकरी खाल्ली, बक्षिसाचा पेला आईला तीनदा दाखवला, आणि अंथरुणावर पाठ टेकली तर पुन्हा बाबांचे ते डोळे. बरोबर आहे का, म्हणून विचारणारे.

परस म्हणजे काय, तर चाळीची मागची भिंत आणि नाला यांच्यामधली दोन हात जागा. आईनं तिथं आधी तगर लावली, जास्वंद लावली, मिरची लावली, आणि सगळ्यांनी एकेक करून मान टाकली. विहिरीचं पाणी चहासारखं झाल्यापासून तर आई म्हणायची, इथं माणसं लागली हेच खूप झालं. मग गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता नवापूरच्या काशीआत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, ओल्या फडक्यात गुंडाळून पाच काड्या दिल्या. दवणा. बाजारात देवाला वाहायला मिळतो तो नव्हे; तो बिचारा एका हंगामाचा, उन्हाळ्यात संपणारा. हा आत्याच्या घरामागचा, खाऱ्या वाऱ्यात उभा राहिलेला, लाकडासारखा बुंधा धरणारा, कंबरेएवढं झुडूप होणारा. आत्या दोघांनाही दवणाच म्हणायची. तिनं सांगितलं होतं, "काडी उभी नको खोचू, तिरपी खोच. वाळू घाल. पानी मोजकंच. आन् खत अजाबात नको हां, कोलंबीचं टरफलसुदा नको. लाड केलंस का पानं पोसतात आन् वास जातो." नलूनं तसंच केलं. पाचातल्या दोन काड्या काळ्या पडल्या, तीन लागल्या. शेंडे खुडले की बगलेतून दोन फुटतात हे तिला कळलं तेव्हा तर ती रोज सकाळी उठून आधी परसात धावायची. जानेवारीपर्यंत तीन झुडपं मिळून चंदेरी गाठोडं झालं होतं. पान कसलं, कापून कापून झालर केलेली, आणि त्यावर मऊ पांढरी लव, चांदीच्या वर्खासारखी. चुरगाळलं की आधी कापूर, मग कडवट काहीतरी, आणि मग सगळं संपलंय असं वाटत असताना मागून पिकल्या फळासारखं गोड. नलू रोज एक तुरा वेणीत खोचून शाळेत जायची. आधी ती वर्गात मागे बसायची, आईच्या सुक्या मासळीच्या टोपलीचा वास आपल्या दप्तराला येतो म्हणून कोणी नाक दाबेल या धाकानं. दवणा आला आणि ती दुसऱ्या बाकावर आली, मग पहिल्या, मग स्टेजवर. तिला तरी असंच वाटायचं.

आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कोणाला सांगितली नव्हती. काही सकाळी कारखान्यांच्या बाजूनं वारा आला की चाळीतल्या सगळ्या पानांवर पांढरी भुकटी बसलेली असायची. शेजारच्या केळीवर दिसायची, वाळत घातलेल्या काळ्या छत्रीवर दिसायची. दवण्यावर दिसायची नाही. तो मुळातच चंदेरी, त्याच्यावर काय दिसणार. आधी तिला याचं भारी कौतुक होतं. गुरुवारनंतर मात्र ती परसात गेली की त्याच्याकडे संशयानं बघायला लागली, दाखवत नाहीस पण तुझ्यावर किती बसलंय कुणास ठाऊक, असं.

कारण बाबांचं नाक म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. नवापूरला बोंबील वाळायचे ते बांबूच्या वलांडीवर, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले, वाऱ्यावर खुळखुळणारे. वरून करकरीत वाळलेला बोंबील काट्याजवळ ओला राहिला तर बांधलेली सगळी जुडी कुजते, आणि ते ओलेपण हाताला कळत नाही, डोळ्याला कळत नाही. म्हणून जुड्या बांधण्याआधी वलांडीखालून एक माणूस वास घेत चालत जायचा. आधी नलूचा आजा, आणि त्याच्यानंतर पुंडलिक, म्हणजे बाबा. मान वर, डोळे मिटलेले, हात पाठीमागे. मधेच थांबून म्हणायचे, "हे उद्या." बाकीच्यांना म्हणायचे, "बांधा." त्या एका शब्दावर चार घरांचा पावसाळा ठरायचा. लहानपणी नलू त्यांचा सदरा धरून मागे मागे चालायची आणि तिला वाटायचं, आपला बाप आकाशात काहीतरी वाचतोय. पुढे काकांनी बोट विकली आणि बाबा कारखान्यात लागले, रंगाची रसायनं करणाऱ्या. नाक तिथंही सोबत गेलं. कुठं पाइपाच्या जोडातून जरासा वास सुटला की मिस्त्री ओरडायचा, पुंडलिकभाई को बुलाओ. बाबा डोळे मिटून पाइपाखालून चालायचे, वलांडीखालून चालायचे तसेच, आणि बोट दाखवायचे. नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या नाकानं काय काय आत घेतलं असेल याचा विचार नलूनं कधी केला नव्हता, आणि आता तो विचार तिला भूगोलाच्या तासाला आला, गणिताच्या तासाला आला, फळ्यावरचं खडूचं पांढरं बघितलं की यायला लागला.

शुक्रवारी तिनं बाबांच्या डब्यात भाकरीखाली दवण्याचा तुरा ठेवला. संध्याकाळी विचारलं, "डब्यात काय होतं, वास आला?" बाबा म्हणाले, "आला ना. निस्ता घमघमाट." हे ठीक होतं, तुरा डोळ्यांना दिसलाच असणार. शनिवारी सकाळी तिनं काहीच ठेवलं नाही आणि डबा हातात देताना म्हणाली, "आज तुमच्या रुमालाला चोळलाय बघा, मुठीनं." बाबांनी रुमाल खिशातून काढला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "आज जास्तच झाला, पोरी." ती हसली. मग पाणी प्यायला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. तिथं आई, जयवंती, बाजारात जायच्या आधी दिवसाचं जेवण करून ठेवत होती. कालवणाची एक वाटी तिनं बाजूला काढली आणि तिच्यात वरून दोन चमचे मसाला घातला. नलू बघत राहिली.

"ती कुणाची वाटी?"

"बाबाची. संध्याकाळची."

"वेगळी कशाला?"

"झणझणीत लागतं त्यांना."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं." आईनं झाकण ठेवलं. "बगते काय? मला काय डोळं नायत?"

"मग बोलली का नाय तू?"

"काय बोलू? नाक गेलं म्हनून बोटीवर परत जातील? बोट हाय कुठं? तू तुजा अभ्यास कर. हितं भाषान नको."

भाषण. नलूचं बक्षिसाचं भाषण होतं गॅसवर. भोपाळला डिसेंबरात जे झालं त्यावर, आणि आपल्या परिसरात आपण कसं सावध राहावं त्यावर. 'मित्रहो, धोका जेव्हा दिसत नाही तेव्हा तो सर्वांत जवळ असतो,' या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य आठवून आता तिच्या कानशिलांना ऊन लागलं. ती दुपारीच शाळा सुटल्यावर नवापूरची एसटी पकडून आत्याकडे गेली. का, ते तिनं स्वतःला नीट सांगितलं नाही. काड्या आणायला, असं आईला सांगितलं होतं. काशीआत्या वलांडीखाली बसून जुड्या वळत होती, तोंडात मिश्री, कासोटा गच्च. वरती शेकडो बोंबील जबड्यात जबडे घालून हलत होते. नलूनं नाक वर केलं आणि बाबांसारखा श्वास घेऊन बघितला. मीठ, ऊन, मासळी. यात ओलं काय नि वाळलं काय, तिला काही कळलं नाही.

"आत्ये, डिसेंबरात बाबा येऊन वास घेऊन गेले ना? पहिल्या मालाचा?"

"गेला की."

"मग?"

आत्यानं जुडी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. "पन्नास जुड्या गाडल्या," ती म्हणाली. "माडाच्या बुडाला. तुजा बाबा 'बांधा' म्हनला तवाच मला आंबूस वास आल्ता. माज्या नाकाला आला, म्हंजे बग. पन चार घरची मानसं हुबी होती. इतक्या वरसांचा त्याचा शबूद. मी म्हनलं, बांधा."

"आन् बाकीच्यांना?"

"त्यांना आला नसंल काय? समद्यांनी बांधल्या. मग समद्यांनी गाडल्या. कोन कोनाला बोल्लं नाय." आत्यानं मिश्रीची पिंक टाकली. "तू पन बोलू नको. त्याला लई लागंल."

परतीच्या एसटीत काड्यांचं ओलं फडकं मांडीवर घेऊन बसलेल्या नलूला राहून राहून वाटत होतं की एवढ्या सगळ्या माणसांनी आपापली मूठ मिटून ठेवलीय. आईनं मसाल्याच्या चमच्यावर, आत्यानं जुडीवर, तिनं स्वतः रिकाम्या तळव्यावर. आणि मधे बाबा, डोळे मिटून एकेका मुठीसमोर श्वास घेत उभे, कोणी 'बरोबर' म्हणेल म्हणून. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. बोंबील कुजले तर गाडता येतात, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि पुढचं वाक्य तिनं येऊ दिलं नाही.

ते रविवारी आलं, प्रतापच्या तोंडून. प्रताप बाबांच्या पाळीतला, उत्तरेकडून आलेला, चाळीच्या टोकाला एकटा राहायचा आणि रविवारी आईच्या हातची भाकरी खायला हक्कानं यायचा. आल्या आल्या त्यानं नलूच्या वेणीतला तुरा हुंगल्याची नक्कल केली आणि पाटावर बसला. "बिटिया, मिठाई खिलाओ. तेरा बाप कल से नये प्लांट में. गॅस की लाइन पर." बाबा मान खाली घालून भाकरी मोडत होते. प्रताप रंगात येऊन सांगत होता. भोपाळनंतर साहेब घाबरलाय, गॅस पकडायची मशीन बाहेरून मागवलीय, पण ती यायला महिने लागतील. "साहब ने बोला, मशीन जब आयेगी तब आयेगी. तब तक अपना पुंडलिकभाई है ना. मैं तो नीचे खड्डे में काम करता हूँ. ऊपर इसकी नाक है तो मुझे काहे का डर."

नलूनं आईकडे बघितलं. आई तव्याकडे बघत होती. भाकरी एका बाजूनं काळी पडत होती, त्याचा करपट वास घरभर झाला होता, आणि बाबा प्रतापला विचारत होते, जयवंतीच्या हातच्या भाकरीसारखी भाकरी तुमच्या मुलुखात मिळते का.

त्या दिवशी तिनं पाच वेळा सांगायचा प्रयत्न केला. बाबा सायकलला तेल देत होते तेव्हा. बाबा नाल्याकाठी उभे होते तेव्हा. प्रत्येक वेळी वाक्य घशापर्यंत यायचं, 'बाबा, तुम्हाला वास येत नाही,' आणि ते इतकं शाळेतल्यासारखं, शुद्ध, टाळ्यांची वाट बघणारं वाटायचं की तिला त्याची किळस यायची. घरच्या बोलीत म्हणून बघितलं मनात. 'बाबा, तुमाला वास नाय येत.' ते तर आणखीच भयंकर. जणू कोणी गेल्याची बातमी द्यावी. आणि दिली तरी बाबा काय म्हणणार? हसतील, येतो की, म्हणतील, आणि कामावर जातील. इतके महिने तेच तर करत होते ते. एकट्यात सांगून उपयोग नाही, हे तिला कळत होतं. आणि चारचौघांत सांगणं म्हणजे काय, हेही.

सोमवारी उजाडताच प्रतापच्या सायकलची घंटी दारात वाजली. बाबा पायरीवर बुटाची नाडी बांधत होते. नलू परसातून आली, केस विस्कटलेले, दोन्ही हात पाठीमागे. उजव्या मुठीत तिनं तिन्ही झुडपांचे शेंडे कोंबून चुरगाळले होते, इतके की बोटांच्या फटींतून हिरवं पाणी आलं होतं, ते तिनं फ्रॉकला पुसलं होतं. डावा हात साबणानं तीनदा धुतलेला. दोन्ही मुठी तिनं एकदम पुढे केल्या.

"बाबा, वळखा. कुठल्या मुठीत दवणा हाय?"

वास असा सुटला होता की चुलीपाशी बसलेली आई वळली. दारातून प्रताप म्हणाला, "अरे वा, यहाँ तक आ रहा है." बाबांनी नाडी सोडून वर बघितलं. "उशीर होतोय, नले." "एकदाच," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्टेजवरच्यासारखा ऐकू आला, खणखणीत, आणि त्या आवाजाचा तिला राग आला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "नलू." बाबांनी डोळे मिटले. उजव्या मुठीशी नाक नेलं. नाकपुड्या फुलल्या, शहाण्या मुलासारख्या. मग डाव्या मुठीशी. पुन्हा उजव्या. कपाळावर एक आठी आली, जी तिनं वलांडीखाली कधीच बघितली नव्हती.

"डावी," बाबा म्हणाले.

'बरोबर' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. ऊन, ओळखीचा. तो म्हणायचा, मुठी पाठीमागे न्यायच्या आणि परसात पळायचं, बस. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की बाबांनी उजवी म्हटलं असतं तर? नुसत्या अंदाजानं, नाणं उडवल्यासारखं म्हटलं असतं, तर आता ते सायकलवर बसले असते. हा विचार तिनं आधी केलाच नव्हता. तिनं डावी मूठ उघडली.

प्रतापच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं होतं, काढून ठेवायला जागा न सापडल्यासारखं. घरात-दारात मिळून ती चौघं होती आणि वास तिघांना येत होता. बाबा त्या धुऊन धुऊन सुरकुतलेल्या तळव्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनीच तिची बोटं एकेक करून मिटवली.

"गुरुवारी पन रिकामीच होती ना?"

"हो."

"मला वाटलंच. तू 'बरोबर' म्हनून पळालीस तवाच." त्यांचा आवाज साधा होता, चहा झाला का विचारावा तसा. "रातच्याला मी परसात जाऊन तुजा दवणा चावून बगितला. कडू लागला निस्ता."

ते उठले. तिची उजवी मूठ सोडवून त्यातला चुरा घेतला, नाकाशी नेला नाही, प्रतापच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "प्रतापभाई, आज नीचे मत उतरना. पहले साहब के पास चलते हैं. बोलेंगे, मशीन आने दो. मेरे से नहीं होगा." प्रतापनं खिशावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. सायकली निघाल्या. वळणावर बाबा रोज एकदा घंटी वाजवायचे, नलूसाठी. त्या दिवशी वाजली नाही. आई तिच्याजवळून झाडू घेऊन गेली, पायरी झाडली, जिथं काहीच पडलं नव्हतं ती, आणि म्हणाली, "परतापसमोर करायचं नव्हतं." मग थोड्या वेळानं, पाठमोरीच, "शाळेत जा."

नलू परसात गेली. शेंडे खुडलेली तिन्ही झुडपं बोडकी दिसत होती. पहाटेपासून वारा कारखान्यांकडून होता. केळीच्या पानावर पांढरं बसलं होतं, दवण्यावर नेहमीसारखंच काही दिसत नव्हतं. तिनं एका पानावरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी चंदेरी लागलं, त्याची लव की वरून आलेलं, कळेना. डावं बोट होतं, धुतलेलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटून श्वास ओढला. आला. कापूर, कडू, मग मागून ते गोड. आला वास. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा घेतला. तिकडे दूर शाळेच्या पहिल्या घंटेची वेळ होऊन गेली, ऊन भिंतीवर चढलं, आणि नलू तिथंच उभी, बोट नाकाशी, पुन्हा एकदा बघत होती, अजून येतोय का.